मरियेची भक्ती म्हणजे तिची आराधना का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कॅथलिक माणसाला हा प्रश्न दोन दिशांनी येतो. एका बाजूला मिशनच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट, चर्चमधले आप्त असतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने या भागात काम केले, त्या परंपरेत वाढलेल्या घरांना आमच्या चर्चमधली मरियेची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती पाहून मनापासून दुःख होते. दुसऱ्या बाजूला हिंदू शेजारी असतात. ते त्याच मूर्तीकडे आपुलकीने पाहतात आणि ‘तुमची देवी’ म्हणतात. दोघांचा भाव वेगळा असला तरी निष्कर्ष एकच असतो, की कॅथलिक लोक मरियेची पूजा करतात. मी धर्मगुरू नाही. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात मुलांना शिकवणारा एक सामान्य श्रद्धावान आहे, आणि माझे स्वतःचे आजोळ मिशनच्या चर्चचे आहे. वर्गात आणि घरात वर्षानुवर्षे ऐकलेले प्रश्न आणि त्यांची मला समजलेली उत्तरे येथे मांडत आहे.

थोडक्यात सांगायचे तर, कॅथलिक लोक मरियेची आराधना करतात का?

नाही. कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीनुसार आराधना केवळ पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवाची होते, आणि मरिया ही देवाने निर्माण केलेली एक स्त्री आहे. तिला देव मानणे चर्चच्या दृष्टीने पाप आहे. मात्र ‘नाही’ एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये, कारण विचारणाऱ्याने डोळ्यांनी जे पाहिलेले असते त्याचे उत्तर त्यात नसते.

मूर्तीला हार घालता, मेणबत्ती लावता, गुडघे टेकता. याला पूजा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

अडचणीचा मोठा भाग ‘पूजा’ या शब्दात आहे. मराठीत हा शब्द फार ऐसपैस आहे. खंडेनवमीला यंत्रमागाला हळदकुंकू लावून पूजा होते, दिवाळीत वहीपूजन होते, आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालण्यासाठी पहाटेपासून रांग लागते. त्या रांगेतल्या माणसाला ‘तुम्ही बाबासाहेबांना देव मानता का’ असे विचारले, तर त्याला तो प्रश्न अपमानास्पद वाटेल, आणि ते योग्यच आहे. हार, दिवा आणि नमस्कार ही आपल्या समाजात आदराची भाषा आहे, आणि तो आदर कोणत्या प्रतीचा आहे हे केवळ हाराकडे पाहून कळत नाही.

मग ते कशावरून कळते? कॅथलिक परंपरेचे उत्तर असे आहे की यज्ञार्पण कोणाला होते ते पाहावे. आमच्या उपासनेचा गाभा मिस्सा हा आहे. त्यात ख्रिस्ताच्या क्रुसावरील बलिदानाचे अर्पण पित्याला केले जाते. हे अर्पण मरियेला कधीही केले जात नाही. ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण असतो, वेदी फुलांनी भरलेली असते, नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, सांगता झालेली असते. त्या दिवशीही वेदीवरची अर्पणाची प्रार्थना पित्यालाच उद्देशून म्हटली जाते, आणि मरियेचे नाव तिच्यात संतांच्या सोबतीने, आमच्याबरोबर देवापुढे उभी असलेली म्हणून येते. चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेल्या संत ऑगस्टीन यांनी नेमका हाच युक्तिवाद केला होता. हुतात्म्यांच्या कबरींवर आम्ही वेदी उभारतो, पण यज्ञ हुतात्म्यांना अर्पण करत नाही, तर त्यांच्या आणि आमच्या देवाला अर्पण करतो, असे त्यांचे म्हणणे होते.

बारकाईने पाहणाऱ्याला विधीतही हा भेद दिसतो. मिस्साविधीच्या अधिकृत नियमावलीनुसार एक गुडघा जमिनीला टेकवून केले जाणारे वंदन पवित्र ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे ज्या भाकरीत ख्रिस्त स्वतः उपस्थित आहे असे आम्ही मानतो तिच्यासाठी, राखलेले आहे. मरियेचे नाव उच्चारले की केवळ मस्तक लववायचे असते. धूप देतानाही ख्रिस्तप्रसादासमोर धूपपात्र तीन वेळा झुलवतात, आणि संतांच्या प्रतिमेसमोर दोन वेळा. लॉरेटोची लितानी, म्हणजे मरियेची एकेक उपाधी घेत म्हटली जाणारी प्रार्थना, ऐकली तर देवाला उद्देशून ‘आम्हांवर दया कर’ असे म्हटले जाते, आणि मरियेला उद्देशून म्हटलेल्या प्रत्येक ओळीनंतर ‘आम्हांसाठी विनंती कर’ एवढेच. लहान मुलांना मी पहिल्यांदा हाच फरक ऐकायला सांगतो.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मूर्तीसमोर दोन्ही गुडघे टेकून प्रार्थना करणारे लोक चर्चमध्ये दिसतातच, आणि त्याला बंदी नाही. शिवाय १९६९ मध्ये भारतातील चर्चला ज्या बारा सवलती मिळाल्या, त्यांत गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकण्याची मुभा आहे. त्यामुळे आपल्या देशात शरीराच्या मुद्रेवरून निवाडा करणे आणखी अवघड झाले आहे. मुद्रा पाहून निष्कर्ष काढणाऱ्याला म्हणूनच मी दोष देत नाही.

‘आराधना वेगळी आणि सन्मान वेगळा’ ही टीका टाळण्यासाठी नंतर शोधलेली पळवाट आहे का?

हा भेद प्रॉटेस्टंट चळवळीच्या कितीतरी शतके आधीचा आहे. चौथ्या शतकात सायप्रसमधील सलामिस येथे एपिफेनियस नावाचे बिशप होते. अरबस्तानात काही स्त्रिया मरियेच्या नावाने लहान भाकऱ्या अर्पण करतात, असे त्यांच्या कानांवर आले, तेव्हा त्यांनी अत्यंत कडक शब्दांत त्याचा निषेध केला. मरियेचा सन्मान व्हावा, पण आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच व्हावी, मरियेची आराधना कोणीही करू नये, असे त्यांनी लिहिले. आपल्या भाषेत सांगायचे तर मरियेला नैवेद्य दाखवणे हा त्या स्त्रियांचा अपराध होता. ज्या चर्चने हे लिहिणाऱ्या बिशपला संत म्हणून मान दिला, त्या चर्चला हा धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही.

पुढे ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांच्या वादावर निर्णय दिला. प्रतिमेला दिलेला मान ती जिची आहे त्या व्यक्तीकडे जातो, परंतु खरी आराधना केवळ ईश्वरी स्वरूपालाच देय आहे, असे परिषदेने स्पष्ट केले. ग्रीक भाषेत यासाठी निरनिराळे शब्द होते: देवाची ती ‘लात्रिया’ आणि संतांचा तो ‘दुलिया’. मरियेचा सन्मान इतर संतांहून अधिक असल्यामुळे मध्ययुगात त्याला ‘हायपरदुलिया’ असे नाव मिळाले. हा सन्मान सर्वांत वरच्या पायरीचा असला, तरी पायऱ्या संतांच्याच आहेत. त्या चढत गेल्याने कोणी देवपदाला पोहोचत नाही.

दहा आज्ञांमध्ये मूर्ती करण्यास मनाई आहे. कॅथलिकांनी ती आज्ञा गाळली, असे ऐकले आहे.

गाळलेली नाही. कॅथलिक परंपरा ऑगस्टीन यांची गणना पाळते. तिच्यात मूर्तींविषयीचे शब्द पहिल्या आज्ञेतच येतात आणि लोभाविषयीची आज्ञा दोन भागांत मोजली जाते. मजकूर तोच, आकडे वेगळे.

मनाईच्या अर्थाविषयी बायबलच पुरेसे सांगते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात मनाई आहे आणि पंचविसाव्या अध्यायात देव स्वतः कराराच्या कोशावर, म्हणजे पवित्र पेटीवर, सोन्याचे करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) घडवायला सांगतो. गणनाच्या पुस्तकात मोशे देवाच्या आज्ञेने पितळेचा साप उभारतो, आणि सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून जगतात. मात्र गोष्ट तेथे संपत नाही. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. देवाच्या सांगण्यावरून केलेली वस्तूसुद्धा वापरणाऱ्याच्या मनात मूर्तिपूजेला कारण होऊ शकते. कॅथलिकांनी ही दोन्ही प्रकरणे एकत्र वाचावीत असे मला वाटते. आम्ही बहुधा पहिलेच सांगतो आणि आमचे आप्त बहुधा दुसरेच.

‘देव व मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे’ असे बायबलमध्ये प्रेषित पौल सांगतो. मग मरियेची मध्यस्थी कशाला?

माझ्या मते सर्व आक्षेपांत हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील हे पाचवे वचन आम्हांलाही तितकेच बांधून ठेवते. परंतु त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पौल सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना आणि रदबदली करण्याची आज्ञा देतो. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी देवाकडे विनवणी केल्याने ख्रिस्ताचे एकमेव मध्यस्थपण उणे होते, असे पौलाला वाटत नव्हते. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे पास्टरांना सांगताना कोणाला ख्रिस्ताचा अवमान झाल्यासारखे वाटत नाही. मरियेकडे आम्ही हेच मागतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयीचा सिद्धान्त मांडताना हे नेमकेपणाने सांगितले. मरियेला कैवारी, साहाय्यकर्ती, मध्यस्थ अशी नावे दिली जातात, पण ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीच्या मोठेपणात त्यामुळे काही घट होत नाही आणि भरही पडत नाही, अशाच अर्थाने ती घ्यावीत, असे तेथे म्हटले आहे. या मजकुरामागे मोठा वाद होता. मरियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढावा, की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर एक प्रकरण लिहावे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. एकत्र ठेवण्याच्या बाजूने १११४ आणि विरोधात १०७४ मते पडली. अवघ्या चाळीस मतांनी ठरलेला तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे मरिया चर्चच्या वर कोठेतरी बसलेली न राहता चर्चच्या आत, आमच्यातली पहिली श्रद्धावान म्हणून उभी राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्त विभागाने मरियेला ‘सहतारक’ म्हणणे अनुचित असल्याचे सांगितले, तेही याच विचाराला धरून आहे.

पण मरिया मरण पावली आहे. मृतांशी बोलणे बायबलला मान्य आहे का?

मृतात्म्यांना बोलावून भविष्य विचारणे बायबलने निषिद्ध मानले आहे, आणि चर्चलाही ते निषिद्ध आहे. ख्रिस्तात मरण पावलेले देवासमोर जिवंत आहेत आणि त्यांची प्रार्थना थांबलेली नाही, ही श्रद्धा वेगळी आहे. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातील वडील पवित्र जनांच्या प्रार्थनांनी भरलेल्या धूपवाट्या कोकऱ्यासमोर, म्हणजे ख्रिस्तासमोर, धरतात. आपल्या हाका त्यांना ऐकू येतात याचा थेट पुरावा म्हणून प्रॉटेस्टंट वाचक हे वचन स्वीकारत नाहीत. मतभेद खरा आहे आणि तो येथेच आहे. पण तो संतांच्या सहभागितेविषयीचा, म्हणजे जिवंत आणि मृत श्रद्धावानांमधील नात्याविषयीचा, मतभेद आहे, दुसरा देव मानल्याचा नव्हे.

रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, ‘हे आमच्या बापा’पेक्षा ‘नमो मरिये’ कितीतरी जास्त वेळा येते. हे कसे समजावे?

पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची, माळ पूर्ण केली तर ‘नमो मरिये’ त्रेपन्न वेळा येते, त्यामुळे ऐकणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. आधी या प्रार्थनेचे शब्द पाहावेत. तिचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील गाब्रिएल दूताचे अभिवादन आणि मरियेची नातलग अलिशिबा हिचे उद्गार यांचा बनलेला आहे, आणि तो ‘येशू’ या नावापाशी येऊन थांबतो. उत्तरार्धात ‘आम्हां पाप्यांसाठी विनंती कर’ ही एकच मागणी आहे. हा उत्तरार्ध नंतरचा असून आजच्या रूपात तो १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात स्थिर झाला.

माळेची मूळ कल्पनाही समजून घेण्यासारखी आहे. मठातले साधू दीडशे स्तोत्रे म्हणत असत, आणि ज्यांना वाचता येत नव्हते ते लोक त्यांच्या जागी दीडशे छोट्या प्रार्थना म्हणू लागले. ओठांवर ‘नमो मरिये’ असते तेव्हा मनाने येशूच्या जन्माचे, दुःखसहनाचे आणि पुनरुत्थानाचे प्रसंग आठवायचे असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये येशूच्या जाहीर कार्याचे पाच प्रसंग जोडले, ते याच कारणासाठी. प्रसंगांवर मनन न करता केवळ मणी ओढले, तर ती शरीर उरलेली आणि आत्मा गेलेली प्रार्थना होते, अशा आशयाचा इशारा पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये दिला होता. ऑक्टोबरमध्ये घरोघरी माळ होते तेव्हा पुढच्या घरी वेळेत पोहोचण्यासाठी जो वेग धरला जातो, तो ऐकून मला या इशाऱ्याची आठवण होते.

‘देवाची आई’ म्हटल्यावर ती देवाहून मोठी ठरत नाही का?

ही उपाधी मुळात मरियेविषयी कमी आणि येशूविषयी अधिक सांगते. ४३१ मध्ये एफेसस येथील परिषदेपुढे प्रश्न असा होता, की मरियेच्या पोटी जन्मलेला देव होता, की ज्याच्याशी देव नंतर जोडला गेला असा कोणी मनुष्य. परिषदेने तो एकच व्यक्ती असल्याचे मानले, म्हणून त्याला जन्म देणारी ती ‘थिओटोकोस’, म्हणजे देवाला जन्म देणारी ठरली. देवत्वाचा उगम तिच्यात आहे, असा याचा अर्थ कोणीही केलेला नाही.

मरिया आणि मरीआई एकच का? ती तुमच्या धर्मातली देवी आहे का?

हा प्रश्न शेजारपाजारच्या बायकांकडून, अगदी प्रेमाने, वारंवार येतो. आपल्या गावांच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असते, आणि सोलापुरातल्या तेलुगू ख्रिस्ती घरांत मरियेला ‘मरियम्मा’ म्हणतात, त्यामुळे नावांची सरमिसळ सहज होते. पण संबंध केवळ उच्चाराचा आहे. मरीआई हे साथीच्या रोगाशी, मरीशी जोडलेले ग्रामदेवतेचे नाव आहे. मरिया हे ‘मिर्याम’ या हिब्रू नावाचे रूप आहे, आणि ती नासरेथ गावातली एक यहुदी मुलगी होती.

कोजागिरीला सोलापुरातून चालत तुळजापूरला जाणारा भक्त भवानीला आदिशक्ती मानतो, म्हणजे स्वतःच्या सामर्थ्याने तारणारी. मरियेविषयी कॅथलिक असे मानूच शकत नाही. तिच्याकडे स्वतःचे असे काही नाही, जे आहे ते देवाच्या कृपेने आहे, आणि आपल्या गीतात ती स्वतः देवाला ‘माझा तारणारा’ म्हणते. शेजाऱ्यांना समजावताना मी पंढरपूरच्या नामदेव पायरीचा दाखला देतो. वारकरी आधी त्या पायरीवर माथा टेकवतो आणि मग विठ्ठलाकडे जातो. पायरीशी नामदेव आहे आणि गाभाऱ्यात विठ्ठल आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हा दाखला पुरता जुळत नाही, हेही मी सांगतो. वारकऱ्याला सर्वांभूती देव दिसतो, तर ख्रिस्ती श्रद्धेत निर्माता आणि निर्मिती यांतील अंतर कधीच पुसले जात नाही. पण आधी भक्ताला नमस्कार आणि मग देवाचे दर्शन, ही रीत आपल्या मातीला अनोळखी नाही, एवढे त्यातून कळते.

मरियेला नवस बोलणे योग्य आहे का?

वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हात, पाय आणि घरे वाहतात, आणि वेलंकनीला जाण्याचा नवस आपल्याकडचीही कुटुंबे बोलतात. शिकवणूक अशी आहे की नवस हे देवाला दिलेले वचन असते. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते नवस बोलणे हे आराधनेचे कृत्य आहे, म्हणून तो देवालाच बोलता येतो, आणि संतांच्या नावाने बोललेला नवस हा त्यांच्या साक्षीने देवाला दिलेला शब्द समजावा. ‘मुलगा पास झाला तर एवढ्या मेणबत्त्या लावीन, नाही झाला तर माता रागावली’ अशी बोली या शिकवणुकीत बसत नाही. तो सौदा आहे. आजारी लेकरासाठी रडत रडत नवस बोललेल्या बाईशी मात्र मी हा वाद घालणार नाही. तिच्यासोबत प्रार्थना करीन आणि समजावणे नंतरसाठी ठेवीन.

शिकवणूक काहीही असो, प्रत्यक्षात काही लोक मरियेची आराधना करतातच ना?

काहींच्या बाबतीत हे खरे असावे असे मला वाटते. मिस्सा चालू असताना वेदीकडे पाठ करून मूर्तीसमोर माळ ओढणारी माणसे मी पाहिली आहेत. रविवारचा मिस्सा चुकला तरी चालेल, पण नोव्हेनाचा एकही दिवस चुकता कामा नये, असे मानणारी घरेही मला माहीत आहेत. येशू कठोर आहे आणि त्याची आई मायाळू आहे, म्हणून तिच्यामार्फत जावे, हा विचारही ऐकू येतो; माझ्या दृष्टीने तो सर्वांत घातक आहे, कारण पाप्यांच्या पंगतीला बसलेल्या येशूविषयी तो खोटे सांगतो. अशा वेळी ‘चर्च असे शिकवत नाही’ असे म्हणून आम्हांला हात झटकता येत नाहीत, कारण शिकवण्याचे काम आमचेच होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये धर्मोपदेशकांना खोटी अतिशयोक्ती आणि संकुचित वृत्ती या दोन्ही टाळायला सांगितले, आणि खरी भक्ती क्षणिक भावनेत किंवा भाबडेपणात नसते असेही बजावले. कसोटी म्हणून मी वर्गात काना गावातल्या लग्नाचा प्रसंग घेतो. द्राक्षारस संपला तेव्हा मरियेने नोकरांना सांगितले, ‘हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा.’ ज्या भक्तीनंतर माणूस येशूचे ऐकू लागतो, ती भक्ती मरियेला मान्य होईल. जी मूर्तीपाशीच थांबते, ती तिला मान्य होणार नाही.

मिशनच्या चर्चमधील नातेवाइकांशी याविषयी कसे बोलावे?

त्यांचा आक्षेप देवाच्या मानासाठी आहे, हे आधी ओळखावे. मग लूकच्या पहिल्या अध्यायातील मरियेचे गीत दोघांनी मिळून वाचावे. ‘आतापासून सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील’ हे वचन त्यांच्याही बायबलमध्ये आहे, आणि मार्टिन ल्यूथर यांनी १५२१ मध्ये या गीतावर आदराने सविस्तर भाष्य लिहिले होते. मरियेचे निष्कलंक गर्भसंभव (ती आपल्या आईच्या गर्भात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती) हे १८५४ चे सूत्र आणि स्वर्गोन्नयन (ती देहासह स्वर्गात घेतली गेली) हे १९५० चे सूत्र, यांवर एकमत होणार नाही. ती चर्चा जेवणाच्या ताटावर काढू नये.

कॅथलिक नसलेल्या व्यक्तीने घरच्या रोझरीला बसले तर चालते का?

चालते, आणि जे शब्द तिच्या मनाला पटत नाहीत ते तिने म्हणावेत अशी सक्ती कोणी करू नये. माझे मामा ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आले की माळेला बसत. ‘हे आमच्या बापा’ आणि ‘पित्याला गौरव’ एवढे ते सर्वांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणत आणि ‘नमो मरिये’ चालू असताना डोळे मिटून गप्प राहत. आईने त्यांना कधी टोकले नाही, आणि शेवटचा मणी होईपर्यंत त्यांनीही कधी चटईवरची जागा सोडली नाही.